शेवट नसलेली पंगत

एका राज्यात धान्याला तोटा नव्हता, पण धान्यात कस नव्हता. ज्वारी पुरुषभर उंच वाढे, कणसे दाण्यांनी वाकत, तव्यावर भाकरी टम्म फुगे. पण खाणाऱ्याच्या अंगी काही लागत नसे. पोट भरे आणि गुडघे थरथरत. चार वर्षांची मुले भिंत धरून चालत.

ही करणी घटोदर मायाव्याची. बारा वर्षांपूर्वी त्याने मंत्र घालून राज्यातल्या अन्नाचा सारा कस ओढून घेतला, एका रांजणात भरला आणि काजळडोंगरावर त्या रांजणाला टेकून तो बसला. रोज एक घोट पिई आणि रोज एका दिवसाने तरुण होई. शाप दिला की उतारा सांगावाच लागतो, असा मंत्राचा नियम. म्हणून त्याने सांगून ठेवले होते, "न पेरलेले धान्य, धार न काढलेले दूध आणि शेवट नसलेली पंगत. तिन्ही मला दाखवा. झाकण आपोआप उघडेल."

राजा विजयधराने सरदार धाडले. ते रिकाम्या हातांनी परतले.

त्या राज्याच्या टोकाला एक गाव होते. तिथे हौसा नावाची सुईण राहत असे. गावातले प्रत्येक मूल तिच्या हातांवर जन्मलेले. पण हल्ली जन्मणारी लेकरे रडायलाही दमत. तशात तिची सून रखमा पोटुशी राहिली. सातवा महिना लागला आणि हौसाने फडक्यात भाकरी बांधली.

"कुठे निघालात, आत्याबाई?" रखमाने विचारले.

"कस आणायला," हौसा म्हणाली, आणि निघाली.

वेशीवरच्या बाभळीवर भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "बाई, न पेरलेले धान्य मगरीच्या तळ्यात आहे. धार न काढलेले दूध समुद्राकाठच्या सत्यमाडावर आहे."

"आणि शेवट नसलेली पंगत?"

"ते मला ठाऊक नाही. पक्ष्यांच्या पंगती नसतात."

हौसा तळ्यावर गेली. काठावर मगर तळमळत होती. तिचे अंडे अडले होते. हौसाने पदर खोचला, मगरीच्या पोटावरून हात फिरवला, आणि बोलता बोलता अंडे वाळूत आले. मगर म्हणाली, "माग." हौसा म्हणाली, "तळ्यात आपोआप उगवतो तो देवभात दे." मगरीने तोंडाने ओंब्या आणून दिल्या.

मग ती समुद्राकाठी गेली. सत्यमाड आभाळाला टेकलेला होता आणि खऱ्यापुढेच वाकत असे. त्याने विचारले, "तुझ्या हातांवर जन्मून न जगलेली मुले किती?"

हे तिला आजवर कुणी विचारले नव्हते. "एकतीस," ती म्हणाली. "नावे सांगितली असती. पण ती ठेवायच्या आधीच गेली."

माड वाकला. त्याने एक नारळ तिच्या ओटीत ठेवला.

काजळडोंगरावर घटोदराने ओंब्या पाहिल्या, खवलेल्या नारळाचे दूध चाखले, आणि हसला. "दोन अटी झाल्या. तिसरी राजालाही जमायची नाही. हजार माणसे बसव, लाख बसव. शेवटचा कुणीतरी असतोच."

हौसा खिन्न मनाने घरी आली. दारातून पाहते तो काय, पुरुषमाणसे जेवून उठलेली, मुले जेवून झोपलेली, आणि रखमा चुलीपाशी एकटी बसून पातेले खरवडत होती. तळाची करपलेली आमटी आणि अर्धी भाकरी. हौसा तशीच उभी राहिली. ती स्वतः चाळीस वर्षे असेच जेवत आली होती. पंगतीचा शेवट कुठे असतो, ते तिला त्या घडीला कळले.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली. "महाराज, आमच्या खळ्यावर जेवायला या."

"पाटावर कोण बसणार?" प्रधानाने विचारले.

"पाट नाहीत," हौसा म्हणाली.

राजा आला. हौसाच्या निरोपावरून घटोदरही रांजण काखोटीला मारून आला. गावाचे गोल खळे शेणाने सारवले होते. मधल्या खांबाभोवती भाकरीच्या चवडी, हुलग्यांचे माडगे, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी मांडली होती. सारा गाव खळ्याच्या कडेने गोल बसला. राजाच्या एका बाजूला कुंभार, दुसऱ्या बाजूला रखमा.

"वाढणार कोण?" गावच्या पाटलाने विचारले. "बायाही बसल्या की."

"ज्याने त्याने उजवीकडच्याला वाढायचे," हौसा म्हणाली. "सगळ्यांची ताटे भरली की सगळ्यांनी मिळून पहिला घास घ्यायचा."

पाटलाने आयुष्यात कुणाला वाढले नव्हते. त्याने निम्मे माडगे म्हाताऱ्या परटिणीच्या मांडीवर सांडले. ती हसली, पाटील हसला, आणि हसू खळ्याभोवती फिरून पुन्हा त्याच्यापाशी आले. राजाने रखमाला भाजी वाढली आणि विचारले, "अजून?" ती मान खाली घालून म्हणाली, "थोडी वाढा, महाराज."

घटोदर शेवटचे माणूस शोधायला निघाला. एक फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्याला त्याला भोवळ आली, आणि रांजणाचे झाकण निघाले. आतून मध्यान्हीच्या उन्हासारखा कस वर चढला आणि भाकरीत, भाजीत, कणगीतल्या दाण्यांत, गोठ्यातल्या वैरणीत उतरला. लोकांनी घास घेतला. बारा वर्षांनी ज्वारी गोड लागली.

घटोदराची जादू संपली. उभ्या जागी तो पांढऱ्या केसांचा म्हातारा झाला, आणि त्याला माणसासारखी भूक लागली. "मी कुठे बसू?" त्याने हळूच विचारले.

"सरका जरा," हौसा शेजाऱ्यांना म्हणाली, आणि उजवीकडच्या त्या नव्या ताटात तिने भाकरी वाढली.

राजाने दवंडी पिटवली: दर पौर्णिमेला गावोगावच्या खळ्यावर अशीच पंगत बसेल, तिला तीळ, गूळ आणि कडधान्य राजाच्या कोठारातून येईल, आणि चूल सांभाळणारी सगळ्यांबरोबर जेवेल. दोन महिन्यांनी रखमाला मुलगी झाली. ती अशी खणखणीत रडली की वेशीवरचा भारद्वाज दचकून उडाला.

त्या खळ्यावर जसा कस उतरला, तसा तो ऐकणाऱ्यांच्या ताटात उतरो, आणि वाढणाऱ्यांच्याही.