हातचा विसरलेली हौसा

एक होतं गाव, घनदाट जंगलाच्या पोटात. गावाला वाट एकच, आणि ती वाट भारी विचित्र, बरं का. कुणी परगावी निघालं की घरातल्या सगळ्यात धाकट्यानं वाटेच्या तोंडाशी जायचं आणि माणूस किती दिवसांनी परतणार ते जंगलाला सांगायचं. तेवढे दिवस वाट उघडी. मग करवंदीच्या जाळ्या सरसरत पुढं यायच्या आणि वाट वर्षभर मिटून जायची.

त्या गावात हौसा राहायची. सात वर्षांची. एकदा काय झालं, तिचे वडील, म्हणजे आबा, घोंगड्या विकायला निघाले. म्हणाले, जायला सतरा दिवस लागतील, यायला अठरा. हौसा नुकतीच बेरीज शिकली होती. तिनं पाटी घेतली. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले. एक आणि एक दोन. झाले पंचवीस. आई भाकऱ्या बांधण्यात गुंतलेली, पाटी कुणी पाहिलीच नाही. हौसा ऐटीत गेली आणि जंगलाला पंचवीस सांगून आली.

आबा गेले. मग घर कसं मोठं मोठं वाटायला लागलं. हौसा त्यांच्या जुन्या घोंगडीत नाक खुपसून बसायची. जेवताना त्यांच्या जागेवर कुणाला बसू द्यायची नाही, मांजरालासुद्धा नाही.

पंचविसाव्या दिवशी ती सकाळपासून वाटेवर बसली. ऊन चढलं, ऊन कललं. आबा आले नाहीत. आणि मग करवंदीची पहिली फांदी हलली.

हौसा हात पसरून आडवी उभी राहिली. म्हणाली, आणखी थोडे दिवस थांब. जंगल म्हणालं, थोडे म्हणजे किती, मला ठाऊक नाही. फांद्या पुढं आल्या. मग ती म्हणाली, मला आबांची खूप आठवण येते. जंगल म्हणालं, खूप म्हणजे किती, तेही मला ठाऊक नाही. काटे तिच्या परकराला टोचले.

"मला आकडा सांग, पोरी," जंगल म्हणालं. "आणि तो बरोबर असल्याचं दाखव."

हौसा मटकन खाली बसली. रडत रडत तिनं गवताच्या काड्या मोडल्या. सतरा काड्या, म्हणजे दहाची एक जुडी आणि सात सुट्या. अठरा काड्या, म्हणजे एक जुडी आणि आठ सुट्या. सुट्या झाल्या पंधरा. त्यांतल्या दहा बांधल्या, तर काय? आणखी एक जुडी! पाटीवर हीच राहिली होती.

"तीन जुड्या आणि पाच," ती म्हणाली. "पस्तीस. अजून दहा दिवस."

जंगलानं काड्या मोजल्या. मग फांद्या हळूहळू मागं सरल्या.

ते दहा दिवस मात्र फार लांबले, बरं का. हौसा रोज वाटेवर जायची आणि रोज एकटीच परतायची. पस्तिसाव्या दिवशी दिवेलागणीला वाटेवर कुणीतरी खोकलं. आबाच ते! हौसा धावली आणि त्यांच्या कमरेला घट्ट बिलगली. कितीतरी वेळ सोडेचना.

"अगं, घरी तर जाऊ दे," आबा म्हणाले.

"आता पुन्हा कधी जाणार?"

आबांनी तिला उचलून कडेवर घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी घोंगड्या गावातच विकल्या. थोड्याच खपल्या, पण रात्री तिघं एकाच घोंगडीत झोपली आणि सुखात राहिली.

आता त्यांच्या घरी सगळे निजलेत. तुम्हीही मिटा बघू डोळे.