बोकडाने थांबवलेली लढाई

ग्रीकांची नगरे ऊठसूट एकमेकांशी लढत, त्या काळची ही गोष्ट. बोकडाचा बळी देऊन त्याच्या काळजावरून देवांचा कौल घेतल्याशिवाय तिथे कुणी भाला उचलत नसे.

एका सकाळी दोन सैन्ये समोरासमोर उभी ठाकली. पुजारी सुरी परजत सेनापतीला म्हणाला, "काळजी नको. याचं काळीज विजयच सांगेल."

शेजारी दोरीने बांधलेल्या केरास नावाच्या बोकडाने चाचरत विचारले, "आणि पलीकडच्या बोकडाचं?"

"तेही विजयच सांगेल. त्यांचाही पुजारी जाणता आहे."

हे ऐकताच केरासने दोरी तोडून डोंगर गाठला. त्याला पाहून पलीकडचा बोकडही पळाला. कौलाशिवाय लढणार कोण? तीन दिवस सैन्ये उन्हात ताटकळली, पीठ संपले आणि सेनापतींनी तह केला.

"आपल्यामुळे हजारो माणसं वाचली. चल, खाली जाऊ," केरास म्हणाला.

"मी इथंच चरतो," दुसरा म्हणाला.

केरास एकटाच ताठ मानेने उतरला. सैनिकांनी त्याच्या गळ्यात फुलांची माळ घातली, तेव्हा त्याला भरून आले.

"हा मान माझ्या कामगिरीचा ना?" त्याने पुजाऱ्याला विचारले.

"तहाचा," पुजारी प्रेमाने म्हणाला. "तह पक्का करायलाही बोकड लागतो."