मेहुण्याचे शेत

पॅराग्वे देशात, जंगल सरून लाल माती सुरू होते तिथे, ग्वारानी लोकांचे एक गाव आहे. चहूकडे मका डोलत असतो, पण मधोमध जमिनीचा एक तुकडा उघडाच. गावकरी तो दरवर्षी साफ करतात आणि न पेरता सोडून देतात. कोणी पाहुण्याने विचारलेच, तर म्हातारा सिंफोरियानो त्याला सावलीत बसवतो. "ते मेहुण्याचं शेत," म्हणतो आणि सांगू लागतो.

फार पूर्वी, म्हणे, नदीतून गलबते आली आणि दाढीवाली, लोखंडी चिलखते घातलेली माणसे उतरली. भुकेने त्यांचे डोळे खोल गेले होते. गावचा मुखिया इवाते याने त्यांना जेवू घातले आणि त्यांच्या कप्तानाला, ओर्दोन्योला, आपली धाकटी बहीण पानांबी दिली. परक्याला आपले करायची तीच रीत होती. मुलगी दिली की सोयरीक झाली, आणि सोयरीक झाली की एकमेकांच्या रानात राबायचे. जो रानात उतरत नाही तो मेहुणा कसला! कप्तानाने खूश होऊन लोखंडी कुऱ्हाडी दिल्या. इवातेला वाटले, आहेर आला. कप्तानाला वाटले, व्यवहार मिटला. घोडे पेंड खात होते ते इथेच, पण तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

पुढे इवातेची माणसे कप्तानाच्या गढीवर गेली. त्यांनी गाणी म्हणत झाडे तोडली, कूड उभारले, मका पेरून दिला. आपल्या माणसांना नवऱ्याच्या दारात राबताना पाहून पानांबीला धन्य वाटे. मग इवातेच्या रानाची पाळी आली. त्याने झाडे पाडली, जाळली, राख निवू दिली. आता पावसाआधी त्या राखेत पेरायचे तेवढे राहिले होते, आणि बियांसाठी भोक पाडणारी पेरणीची पहिली काठी मेहुण्याने मातीत मारायची होती. निरोप गेला. मेहुणा आला नाही, आणखी एक कुऱ्हाड आली.

सिंफोरियानो कप्तानाचीही बाजू सांगतो, जरी सांगताना त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. कप्तानाच्या मुलखात म्हणे कमरेला तलवार लावणाऱ्याने मातीत हात घातला की अब्रू गेली. उपाशी मरेल, पण काठी धरणार नाही. असली अब्रू काय चुलीत घालायची आहे! पण तो तशातच वाढला होता, त्याला दुसरे काही ठाऊक नव्हते.

आभाळ भरून येऊ लागले. मेहुण्याला सोडून पेरावे तर सोयरीक मोडल्यासारखी, मग बहिणीचे काय? आणि पेरू नये तर वर्षभर खायचे काय? इवाते अडून बसला. शेवटी पानांबी नवऱ्यापुढे उभी राहिली.

"एकदाच चला. एक काठी मारा नि परत या. राख वाहून गेली तर माझ्या माहेरची माणसं उपाशी मरतील."

"तुझ्या बदल्यात त्याला कुऱ्हाडी दिल्यात मी," कप्तान म्हणाला. "अजून काय हवंय?"

तेव्हा तिला कळले की या घरात ती बायको म्हणून आलीच नव्हती. ती तशीच निघाली आणि भावाच्या रानात येऊन राखेत बसली. काय ऐकले ते भावाला सांगण्याची तिची छाती झाली नाही. नकळत त्याने बहीणच विकली होती, हे त्याला कसे सांगायचे? "येतील," एवढेच ती म्हणाली.

आणि कप्तान खरेच आला. घोड्याची टाप ऐकून इवाते आनंदाने ओरडला, "मेहुणे आले!" बायकांनी मक्याच्या दारूचे घडे बाहेर काढले. कप्तान घोड्यावरून उतरला नाही. त्याने शिपायांना पानांबीकडे बोट दाखवले, हरवलेले जनावर दाखवावे तसे. इवातेचा चेहरा राखेसारखा झाला. त्याला काही सांगायची आता गरज उरली नव्हती.

शिपाई तिला उचलू लागले. पण ती हलेना, असे सांगतात. त्यांनी दोर लावला, घोडे जुंपले, तरी हलेना. मातीने तिला कमरेपर्यंत धरले होते. तिने शेजारी पडलेली पेरणीची काठी कप्तानापुढे केली.

"तुमच्या हातानं माती उकरा. मी उठते आणि तुमच्याबरोबर येते."

कप्तान काठीकडे पाहत राहिला. त्याचा एक पाय रिकिबीतून निघाला होता, असे काही जण म्हणतात. पण भोवती त्याची माणसे बघत होती. त्याने पाय परत घातला आणि घोडा वळवला.

पाऊस आला, राख वाहून गेली. त्या वर्षी गावात फार माणसे गेली. भाऊ रोज बहिणीभोवतीची माती उकरायचा आणि रोज ती पुन्हा भरून यायची, कारण ते काम त्याचे नव्हते. माती तिच्या खांद्यापर्यंत आली, मग केसांपर्यंत.

आजही या गावात लग्न असले की नवरी भावाच्या रानात जमिनीवर बसते आणि बायका तिच्या पायांवर माती लोटतात. नवऱ्याने गुडघे टेकून, नुसत्या हातांनी ती माती काढायची. तोवर कोणी हसत नाही, वाजंत्री गप्प असतात. मग ती उठून उभी राहते, आणि तिची आई सगळ्यांआधी पुढे होऊन तिचे पाय चाचपून बघते.