वळवळूची दुधीची साल

कान इकडे करा हं. वच्छीकाकूच्या अंगणात, मातीच्या आत, एक गांडूळ राहायचं. एवढुस्सं! नाव त्याचं वळवळू.

काकू रोज दुधीची साल मातीत टाकायची. वळवळू मटामटा खायचा.

एक दिवस काकू म्हणाली, "शी बाई, किती हा पसारा! अंगण कसं लख्ख हवं." साल गेली प्लास्टिकच्या पिशवीत. वर बसली गाठ. करकच्च!

वळवळूचा खाऊ गेला. बिचारा रडकुंडीला आला.

निघाला. सुळूक सुळूक, सुळूक सुळूक.

"पिशवी पिशवी, साल दे.
मी खाऊ काय?"

"मी नाही देत जा! काकू गाठ सोडेल, तर देईन."

सुळूक सुळूक, सुळूक सुळूक.

"काकू काकू, गाठ सोड.
पिशवी साल देईना,
मी खाऊ काय?"

"मी नाही सोडत जा! माझा गणपती फुलावाचून बसलाय. जास्वंद फूल देईल, तर सोडेन."

सुळूक सुळूक, सुळूक सुळूक.

"जास्वंदी जास्वंदी, फूल दे.
काकू गाठ सोडीना,
पिशवी साल देईना,
मी खाऊ काय?"

"मी नाही देत जा! माती झालीये दगड. एकच कळी आली होती रे, तीही गळली. माती मऊ होईल, तर देईन."

सुळूक सुळूक, सुळूक सुळूक.

"माती माती, मऊ हो.
जास्वंद फूल देईना,
काकू गाठ सोडीना,
पिशवी साल देईना,
मी खाऊ काय?"

माती हळूच म्हणाली, "कशी होऊ रे बाळा? तू साल खातोस, तेव्हाच मी मऊ होते. तू साल खाशील, तर होईन."

आता काय करायचं? साल तर पिशवीत! वळवळू परत फिरला. सुळूक... सुळूक... फार दमला.

"काकू काकू, गाठ सोड.
माती मऊ होईना,
जास्वंद फूल देईना,
काकू गाठ सोडीना,
पिशवी साल देईना,
मी खाऊ काय?"

काकू मटकन खाली बसली.

"अगं बाई! गाठ तर मीच मारली. तुला उपाशी ठेवलं. कळीही गेली. चुकलं रे राजा माझं!"

काकूनं गाठ सोडली.
पिशवीनं साल दिली.
वळवळूनं खाल्ली. मटामटा, मटामटा!
माती मऊ झाली.
जास्वंदीनं फूल दिलं. लालभडक!
गणपती फुलानं सजला.

गळलेली कळी मात्र परत आली नाही. काकू अजून हळहळते. रोज साल घेऊन मातीपाशी बसते. म्हणते,

"वळवळू, ये रे. आधी तू जेव. मग मी."