मेलेल्या कंदिलांचा बंदोबस्त

सांगा मंडळी, विश्वास कशावर ठेवाल? दुकानाच्या पाटीवर की बोहारणीच्या टोपलीवर? मी पाटीवर ठेवला, कारण पाटी माझीच होती! तिच्यावर ठळक लिहिलं होतं, 'नेमाशेठचे सूर्यकंदील. उन्हावर चालतात, कचरा करत नाहीत!'

चंडकेतू महाराजांनी ती वाचली आणि एक बंद पडलेला कंदील माझ्या पुढ्यात आपटला.

"मग हा काय प्रसाद आहे? ऐक नियम! असले मेलेले कंदील घरोघरून गोळा कर. जाळायचे नाहीत, पुरायचे नाहीत, नदीत टाकायचे नाहीत, वेशीबाहेर न्यायचे नाहीत. आणि पौर्णिमेनंतर ज्याच्या छपराखाली एक जरी सापडला, त्याच्या दाराला टाळं!"

माझ्या वखारीत ढीग लागला. एखादी काच गिळून टाकावी म्हटलं, तर पोटात जागा नव्हती. दुपारी श्रीखंड झालं होतं!

तेवढ्यात गोजरा बोहारीण ओट्यावर टेकली. जुने कपडे घेऊन नवी भांडी देणारी बाई ती. म्हणाली, "शेठ, रडता कशाला? लोकांची जुनेरं मी काय पुरते? द्या तो ढीग माझ्याकडे."

"आणि टाळं लागलं तर?"

"तर बसा बाहेर! तेवढीच हवा लागेल."

पौर्णिमा उलटली. वखार रिकामी पाहून महाराजांनी आम्हां दोघांना दरबारात उभं केलं. महाराज फुलपात्रातून पाणी पीत गरजले, "कंदील गेले कुठे?"

"एक आपल्या हातात आहे, महाराज!" गोजरा म्हणाली.

महाराजांना ठसका लागला.

"कंदिलांतली तांब्याची तार तांबटाने आटवली, त्याचं ते फुलपात्र. काचेच्या बांगड्या झाल्या. बॅटरीतलं शिसं नव्या बॅटरीत गेलं. राणीसाहेबांनी जुने शालू देऊन फुलपात्र आणि बांगड्या माझ्याकडूनच घेतल्या!"

"म्हणजे मेलेले कंदील अजून लोकांच्या छपरांखालीच आहेत! नियम मोडलास!"

"मोडला असेल, तर ते आपल्याच छपराखाली सापडलेत. लावा राजवाड्याला टाळं! आणि हे नुसतं फुलपात्र असेल, तर शेठचं दार उघडं राहू द्या."

मी डोळे मिटले. ऐकू आलं ते महाराजांचं गडगडाटी हसणं!

गोजराला सोन्याचे तोडे मिळाले. वर हुकूम निघाला : जुना कंदील परत घेतल्याशिवाय नवा विकायचा नाही, आणि त्यावर देखरेख गोजराची. माझी पाटी मला माझ्याच हाताने पुसावी लागली.

आता ही गोष्ट पुढे सांगाल, तेव्हा हिशेब तेवढा चोख ठेवा हं! अक्कल गोजराच्या खात्यावर, श्रीखंड माझ्या.