घाट कोणी वाकवला?

"ही वाट कोणीतरी मुद्दाम वाकवली आहे!"

घाटमाथ्याच्या राजाने दरबारात पसरलेल्या कापडी नकाशावर बोट आपटलं. कोकणातल्या बंदरावरून पैठणच्या बाजाराकडे जाणारी तांड्यांची वाट घाटात गांडुळासारखी वळवळत होती. प्रधानजींनी लगेच पायथ्यापासून माथ्यापर्यंत काठी सरळ ठेवून दाखवली.

"एवढंच तर अंतर, महाराज! तांडेवाले उगाच फिरत बसतात, म्हणून माल उशिरा येतो."

झालं! तांडा चालवणाऱ्या मेसाई नायकिणीला हुकूम सुटला. येत्या पौर्णिमेला तिचा तांडा घाट सरळ चढून आला पाहिजे. नाही आला, तर सगळे बैल सैन्यात जमा.

बैल गेले की तांडा संपला. मेसाई हात जोडून पुढे आली. तिच्यामागे तिचा चुलतदीर सटवा उभा होता. तांड्यात तो शेवटून पहिला. मागे रेंगाळणारे बैल हाकायचे आणि त्यांच्याही मागे रेंगाळायचं, एवढंच त्याचं काम. आपण हुशार असू, असा त्याला कधी संशयही आला नव्हता. पण गप्प बसणं काही जमत नसे.

"होईल महाराज," तो बोलून गेला.

मेसाईने मागे न वळता त्याच्या पायावर पाय दिला.

"फक्त तांड्याची एक रीत आहे," सटवा कळवळत म्हणाला. "नव्या वाटेवर म्होरक्या बैलाचा कासरा वाट काढणाऱ्याने धरायचा. बैलाला ओढायचं नाही, मारायचं नाही. मग वाटेला नाव त्याचंच पडतं."

नाव म्हटल्यावर राजा खुलला. "कासरा मीच धरणार!"

बाहेर येताच मेसाई कडाडली, "मेल्या, काय करून बसलास?"

"मला तरी कुठं ठाऊक आहे, वयनी? आपला म्होरक्या बैल हरण्या माझ्यापेक्षा शहाणा आहे. त्याच्या भरवशावर बोललो."

पौर्णिमेला राजा पालखीत झोपून, सगळी वळणं उतरून पायथ्याशी आला. हरण्याच्या पाठीवर मिठाच्या गोण्या होत्या. राजाने कासरा धरला, कड्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "चल."

हरण्याने कड्याकडे पाहिलं, राजाकडे पाहिलं आणि तो डावीकडे जुन्या वाटेला लागला. राजाने चुचकारून त्याला परत कड्यासमोर आणलं. हरण्याने खाली बसकण मारली.

"बैल आळशी आहे," प्रधानजी म्हणाले.

"आळशी मी आहे, प्रधानजी," सटवा म्हणाला. "आखूड वाट मला सगळ्यांच्या आधी दिसते. म्हणून एकदा सरळ चढून पाहिलं होतं. माझे पुढचे दोन दात वर कुठंतरी पडलेत. सापडले तर तेवढे आणा."

राजा हट्टी होता, पण भित्रा नव्हता. कासरा सटव्याकडे देऊन तो स्वतःच कड्याला भिडला. थोडा चढला आणि मुरमावरून बसल्या बसल्या घसरत खाली आला. कोणी हसलं नाही. सटव्याला मात्र हसू दाबताना उचकी लागली.

राजाने धूळ झटकली आणि कासरा परत घेतला. "जाऊ दे त्याला हवं तिकडून."

हरण्या उठला. चढ अंगावर आला की तो वळे, दम खाई, पुन्हा वळे. जुन्या वाटेचं एकही वळण त्याने सोडलं नाही. मागून कासरा धरून राजा, त्यामागे सगळा तांडा आणि शेवटी प्रधानजी. सटवा जन्मात पहिल्यांदा पुढे चालत होता. राजासमोर रेंगाळायची सोय नव्हती.

माथ्यावर राजा धापा टाकत म्हणाला, "पण माझा प्रश्न राहिलाच. ही वाट वाकवली कोणी?"

"गुन्हेगाराचा कासरा आपल्याच हातात आहे, महाराज," सटवा म्हणाला. "याच्याच आज्या-पणज्यांनी वाकवली. आम्ही नुसते शेपटामागून आलो. आमच्या अकलेनं आलो असतो, तर अजून खालीच घसरत असतो. आता याला सैन्यात घ्यायचं तर घ्या. फक्त शत्रू चढावर असला, तर हा वळणार."

राजा असा हसला, की मुरमाने सोललेलं बूड त्याला पुन्हा आठवलं. बैल मेसाईकडेच राहिले. सटव्याला त्याने विचारलं, "तुला काय देऊ?"

"घाटात पाण्याचं एक टाकं खोदून द्या. लोकांसाठी, असं म्हणणार होतो. पण सगळ्यात जास्त वेळ तिथं मीच बसणार आहे."

"दिलं! कुठल्या वळणावर खोदू?"

राजावर छत्र धरणाऱ्या सेवकाने कड्यावरून खाली डोकावलं. "खालून दुसऱ्याच वळणावर खोदा, महाराज. प्रधानजी तिथवरच पोचलेत."