राखेत बसलेली धामण

“...आणि हे नक्की सांगतोयस?”

“नक्की, बाबा. सावळी गाभण नाही. अजीर्ण झालंय तिला.”

धोंडीनाथबाबा सुरीला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सावळी म्हणजे मठातली धामण. पिल्लू होती तेव्हापासून बाबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. कोठारातले उंदीर तिच्या वाट्याचे.

तुळाजी हा पाठशाळेत शास्त्रं घोकून आलेला शिष्य. त्याचा रोजचा एकच धोशा असे : माझे कान कधी फाडणार, त्यांत नाथपंथी दीक्षेच्या मुद्रा कधी घालणार? शेवटी बाबा म्हणाले होते, “सावळी पोटुशी आहे का, तेवढं बघून सांग. मग फाडू.”

तुळाजीने आज सकाळी बघितलं आणि लगेच सांगितलंही.

“कशावरून अजीर्ण?”

“उंदीर पुढे टाकला, तर तोंड फिरवलं. शेपटीकडे फुगलीय. नुकतीच कात टाकली, तरी चैन नाही. ऊन खाते, नाहीतर कोपरे हुंगत फिरते. पोटाला हात लावू देत नाही.”

“आणि पोटुशी असती, तर काय केलं असतं तिने?”

तुळाजी अडखळला.

“...हेच. पण जरा वेगळं.”

“पंडित आहेस,” बाबा म्हणाले. त्यांनी धार अंगठ्यावर पाहिली. “जा, राख घेऊन ये.”

फाडलेल्या कानात धुनीची जुनी, मुरलेली राखच भरायची, हा त्या मठाचा रिवाज. ताजी चालत नसे.

धुनीमागे त्या राखेचा ढीग होता. वरून गार, आत ऊबदार. तुळाजीने ओंजळ खुपसली आणि झटक्यात हात मागे घेतला.

बोटावर रक्ताचा थेंब आला होता.

राखेत खळगा करून सावळी वेटोळं घालून बसली होती. धामणीला विष नसतं, हे त्याला ठाऊक होतं. पण ही कधी कुणाला चावली नव्हती. पाऊल वाजलं की सळसळत निघून जायची.

आज ती हलली नाही. मान उंच करून फुसफुसत राहिली.

धुनीचा चिमटा हाताशीच होता. उचलून बाजूला ठेवली की झालं. बाबा तर पलीकडे ओसरीवर...

तुळाजी चिमटा धरून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने तो होता तिथे ठेवला.

“राख?” बाबांनी विचारलं.

“तिथे सावळी बसलीय.”

“अजीर्ण झालेली धामण ती. सरकव बाजूला.”

“चावते, बाबा. पण जागा सोडत नाही.”

“मग?”

“...पोटुशी आहे.”

“सकाळी नव्हती.”

“सकाळी मला मुद्रांची घाई होती.”

बाबांनी सुरी पुसली आणि छपरात खोचून टाकली.

तुळाजी त्या सुरीकडे बघत राहिला. कान फाडून घ्यायला ओसरीवर अंथरलेलं आसन त्याने स्वतःच गुंडाळलं.

“सावळी तिथेच अंडी घालणार. पिल्लं निघेपर्यंत तो ढीग हलवता यायचा नाही,” तो हळूच म्हणाला. “मग माझे कान... कधी, बाबा?”

“तिला विचार.”